मुठीने मोजा आकाश: नगरच्या गच्चीवरून तारे, किबला आणि चाँद

२९ शाबानची संध्याकाळ. गच्चीवर पोरंसोरं, अब्बा, चाचा, शेजारचे दोघे-तिघे. कुणीतरी ओरडतं, "दिसला!" दुसरा लगेच विचारतो, "कुठं?" उत्तर येतं, "तिकडं, त्या मोबाइल टॉवरच्या वर." पलीकडच्या गल्लीतून तो टॉवर दिसतच नाही. थोड्या वेळाने हिलाल कमिटीला फोन लावला जातो आणि तिकडून शांतपणे विचारणा होते: सूर्य मावळला त्या जागेच्या डावीकडे की उजवीकडे? किती उंचीवर? टोकं कुठल्या बाजूला होती? बहुतेकांची पंचाईत इथेच होते. काहीतरी पाहिलेलं असतं, पण ते नेमकं कुठे होतं हे सांगता येत नाही.

शेताला जसा गट नंबर असतो, तसा आकाशातल्या प्रत्येक जागेलाही पत्ता असतो. दोन आकड्यांत तो सांगता येतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, मोबाइलचं अ‍ॅपही लागत नाही. आपला हात, घड्याळ आणि आपल्या गावाचा एक आकडा एवढं पुरतं. अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरासाठी तो आकडा आहे १९.

मूठ म्हणजे दहा अंश

हात समोर पूर्ण लांब करा, कोपर वाकवू नका, एक डोळा मिटा. करंगळीच्या रुंदीत आकाशाचा साधारण १ अंश झाकला जातो. मधली तीन बोटं मिळून ५ अंश, बंद मूठ १० अंश, पूर्ण ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी पुढे. लहान मुलाची मूठ छोटी असते, पण त्याचा हातही आखूड असल्यामुळे मूठ डोळ्याच्या जवळ राहते. म्हणून मोजमाप जवळजवळ तेच येतं.

आपली मूठ खरी की खोटी हे तपासून घ्यावं. क्षितिजापासून एकावर एक मुठी ठेवत गेलं की डोक्यावरच्या बिंदूपर्यंत नऊ मुठी झाल्या पाहिजेत. आठ झाल्या तर मूठ मोठी आहे किंवा कोपर वाकतंय. सप्तर्षीतले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांच्यामध्ये साडेपाच अंशांना थोडं कमी अंतर आहे, म्हणजे तीन बोटं जेमतेम मावतात. पौर्णिमेचा चंद्र फक्त अर्धा अंश, अर्धी करंगळी. हे कुणाला पटत नाही, कारण उगवता चंद्र परातीएवढा भासतो. करंगळी धरून बघा.

याहून अचूक हवं असेल तर शाळेची सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर धरा. त्या अंतरावर १ सेंटिमीटर म्हणजे बरोबर १ अंश. अंतर चुकू नये म्हणून पट्टीला दोरी बांधून ५७ सेंटिमीटरवर गाठ मारायची आणि गाठ डोळ्याच्या कडेला टेकवायची. ही युक्ती नवी नाही. अरबी समुद्रातले खलाशी 'कमाल' नावाची लाकडी फळी अशाच गाठी मारलेल्या दोरीने धरत. ते ध्रुवताऱ्याची उंची 'इसबा'त, म्हणजे बोटांत मोजत आणि जहाज किती उत्तरेला आहे ते ठरवत. निजामशाहीचं चौल बंदर याच समुद्रावर होतं. इकडे भास्कराचार्यांनी, ज्यांच्या नातवाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त अनेक यंत्रांचं वर्णन केलं, पण मोठेपणा दिला तो 'धीयंत्रा'ला. धीयंत्र म्हणजे हातातली साधी काठी. बाकीचं काम बुद्धीचं.

पहिला पत्ता: उंची आणि दिशा

क्षितिजापासून वर किती अंश, याला उन्नतांश म्हणतात. उत्तरेपासून पूर्वेकडे फिरत किती अंश, तो दिगंश: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. डोक्यावरचा बिंदू म्हणजे खस्वस्तिक, अरबीत समतुर्रास. इंग्रजीतले झेनिथ, नादिर आणि अझिमथ हे तिन्ही शब्द मूळ अरबी समत, नज़ीर आणि सुमूत यांतूनच गेलेले आहेत.

सगळ्यात आधी उत्तर पक्की करायची. फेब्रुवारी ते जून संध्याकाळी सप्तर्षी वर असतात. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून तीच पुढे पाचपट वाढवली की ध्रुवतारा, आपल्या घरातला कुतुब तारा. हिवाळ्यात सप्तर्षी खाली गेलेले असतात, तेव्हा इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी दिसणारी शर्मिष्ठा कामाला येते. ध्रुवतारा फार तेजस्वी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो मध्यम तेजाचा आहे, आणि नगरच्या एमआयडीसी बाजूच्या उजेडात शोधायला दोन मिनिटं जास्त लागतात.

एक सावधगिरी. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, मूठ लावाच. क्षितिजाजवळची उंची माणसाला नेहमी जास्त वाटते. "अर्ध्या आकाशात होता" असं लोक सांगतात ती जागा पुष्कळदा ३० अंशांवर निघते, ४५ वर नाही. आणि "अगदी डोक्यावर" म्हणून बोट दाखवतात ते ७० अंशांवर. मी स्वतः कित्येक वर्षं असंच सांगत आलो होतो. गच्चीवर पाठीवर झोपून पाहिल्यावर चूक कळली.

नगरचा १९

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, यात फार तर चंद्राच्या रुंदीएवढा किंवा किंचित जास्त फरक. नगर शहर १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून इथे ध्रुवतारा दोन मुठींना एक बोट कमी इतक्या उंचीवर, वर्षभर, रात्रभर तिथेच. अकोल्यात साडेएकोणीस, जामखेडला पावणेएकोणीस. श्रीनगरला हाच तारा ३४ अंशांवर असतो, कन्याकुमारीला ८ वर.

या एका आकड्यावर बाकी सगळं उभं राहतं. आकाशाचं विषुववृत्त नगरच्या डोक्यापासून १९ अंश दक्षिणेकडून जातं, म्हणजे दक्षिण क्षितिजापासून ७१ अंश वर. या विषुववृत्तापासून तारा उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहे, ती त्याची क्रांती. जमिनीवरच्या अक्षांशासारखीच, आणि ती ताऱ्याबरोबर राहते. तारा उगवो, मावळो, आपण नगरला असू की जेद्दाहला, आकडा बदलत नाही.

क्रांती काढायची सोपी पद्धत अशी. उत्तर, डोक्यावरचा बिंदू आणि दक्षिण यांना जोडणारी रेघ मनात धरा. तारा या रेघेवर आला की डोक्यापासून किती अंश दूर आहे ते मोजा. तो दक्षिणेला असेल तर १९ मधून वजा करा, उत्तरेला असेल तर १९ मध्ये मिळवा. पावसाळ्याच्या तोंडावर तांबूस ज्येष्ठा तारा डोक्यापासून साडेचार मुठी दक्षिणेला दिसतो. १९ वजा ४५, म्हणजे उणे २६. छापील तक्त्यातही ज्येष्ठेची क्रांती उणे २६ आहे.

आता आपल्या घरातली नावं घेऊ. बऱ्याच घरांत एखादा सुहैल असतो, एखादी सुरय्या असते. सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा पुंजका, क्रांती अधिक २४, नगरच्या डोक्यापासून जेमतेम तीन बोटं उत्तरेकडून जातो. तिच्या मागून येतो तो अद-दबरान, नावाचा अर्थच 'मागून येणारा', आपली रोहिणी. सुहैल म्हणजे अगस्त्य, क्रांती उणे ५३. दिल्लीच्या लोकांना तो क्षितिजाला चिकटलेला दिसतो. नगरला मात्र १० फेब्रुवारीच्या आसपास रात्री साडेनऊला तो बरोबर दक्षिणेला, १८ अंश वर असतो. त्या रात्री उत्तरेला तोंड केलं तर दोन मुठींवर कुतुब, मागे वळलं तर जवळपास तेवढ्याच उंचीवर सुहैल. ही जोडी मुलांना एकदा दाखवाच.

पण नगरचा खास तारा स्वाती. अरबीत त्याला अस-सिमाक अर-रामिह म्हणतात. त्याची आजची क्रांती १९ अंश आणि थोडी कला, म्हणजे नगर शहराच्या अक्षांशाइतकीच. म्हणून तो थेट आपल्या डोक्यावरून जातो. २५ मेच्या सुमारास रात्री साडेदहाला गच्चीवर पाठीवर झोपा. सरळ वर जो केशरी तेजस्वी तारा दिसेल, तो स्वाती. तारखा पुढे जातील तसा तो दर महिन्याला दोन तास लवकर येतो. जूनच्या मध्यापर्यंत रात्री नऊच्या थोडं पुढे, ढग नसतील तर.

दुसरा आकडा: आकाशाचं घड्याळ

क्रांतीने उत्तर-दक्षिण कळलं. पूर्व-पश्चिम सांगतो तो विषुवांश, आणि तो तासांत मोजतात, कारण आकाश २४ तासांत एक फेरी मारतं. एका तासाला १५ अंश, म्हणजे एक मूठ सरकायला ४० मिनिटं.

शून्य तासाची रेघ डोळ्यांनी दिसते. ध्रुवताऱ्यापासून निघा, शर्मिष्ठेच्या पश्चिम टोकाच्या ताऱ्यावरून, मग भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या पूर्व बाजूच्या दोन ताऱ्यांवरून (हीच उत्तरा भाद्रपदा) खाली या. ही रेघ विषुववृत्ताला भेटते तिथे शून्य. तिथून पूर्वेकडे जात सुरय्या पावणेचार तासांवर, मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण साडेपाचच्या किंचित पुढे, मघा दहावर, चित्रा साडेतेराच्या जवळ, स्वाती सव्वाचौदा, ज्येष्ठा साडेसोळा, अभिजित साडेअठराच्या पुढे, श्रवण विसाला थोडं कमी. एवढे खुंट लक्षात राहिले तरी आकाशाची वाटणी झाली.

आत्ता आपल्या उत्तर-दक्षिण रेघेवर कितवा तास आहे, हे घड्याळावरून काढता येतं. २१ सप्टेंबरपासून जितके महिने झाले त्याचे दुप्पट तास घ्या, उरलेल्या प्रत्येक दिवसाला ४ मिनिटं. त्यात २४ तासांच्या घड्याळातली वेळ मिळवा. मग नगरसाठी ३१ मिनिटं वजा करा, कारण भारताची घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण पावणेपंच्याहत्तरवर आहोत. बेरीज २४ च्या वर गेली तर २४ काढून टाका.

उदाहरणार्थ १० जानेवारी, रात्री नऊ. सप्टेंबरपासून ३ महिने २० दिवस, म्हणून ७ तास २० मिनिटं. अधिक २१ तास, वजा ३१ मिनिटं, एकूण २७ तास ४९ मिनिटं. २४ काढले, राहिले ३ तास ४९. म्हणजे त्या वेळी सुरय्या डोक्याजवळ, बरोबर रेघेवर. बाहेर जाऊन बघितलं तर तसंच असतं, आणि पहिल्यांदा जुळलं की माणूस खूश होतो.

धूमकेतूची बातमी येते तेव्हा वर्तमानपत्रात हेच दोन आकडे असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू मावळतीनंतर पश्चिमेला दिसत होता, तेव्हा किती जण शुक्राकडे बघून घरी गेले! आळेफाट्याच्या पुढे, पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्याही याच विषुवांश आणि क्रांतीवर रोखल्या जातात. अल-सूफ़ींनी ९६४ च्या आसपास ताऱ्यांचा ग्रंथ लिहिला आणि उलूग़ बेगने १४३७ मध्ये समरकंदला हजारावर ताऱ्यांचा तक्ता पुरा केला. तिथेही प्रत्येक ताऱ्याला दोनच आकडे आहेत, फक्त ते सूर्याच्या वाटेपासून मोजलेले.

किबला एक मूठ उजवीकडे

नगरहून मक्केची दिशा काढली तर दिगंश २८० येतो. पश्चिम २७०, म्हणून पश्चिमेला तोंड करून एक मूठ उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे. "आपला किबला पश्चिमेला" असं आपण सहज म्हणतो. जवळपास बरोबरच आहे, फरक एका मुठीचा.

शेतात, प्रवासात, ढाब्यावर पश्चिम कशी ओळखायची? सूर्य मावळतो ती पश्चिम, हे उत्तर अर्धवट आहे. जूनमध्ये तो नगरच्या पश्चिमेपासून अडीच मुठी उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये अडीच मुठी दक्षिणेला. डिसेंबरच्या मावळतीकडे तोंड करून उभं राहिलात तर किबल्यापासून ३५ अंश चुकलात. वर्षातून दोनदा मात्र सूर्य बरोबर किबल्याच्या दिशेला मावळतो: १४ एप्रिलच्या सुमारास आणि २८ ऑगस्टच्या सुमारास. पहिली तारीख लक्षात ठेवायला सोपी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. त्या संध्याकाळी गच्चीच्या कठड्यावर खडूने रेघ मारून ठेवा.

याहून पक्की खूण दुपारी मिळते. २७ किंवा २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १५ किंवा १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी उभ्या काठीच्या सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जी दिशा, तोच किबला. जुलैत ढग असतात, म्हणून मे सोडू नका.

रात्री मृगाचा बाण बघा. तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, म्हणून तो बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. एप्रिलअखेरीस रात्री साडेनऊच्या आसपास तो क्षितिजाला टेकतो. वर असताना तो थोडा दक्षिणेकडे असतो, तेव्हा दिशा घ्यायची ती टेकताना. ढग असतील तर होकायंत्र चालेल. नगरकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. पण मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल किंवा खाली सळयांचा स्लॅब असेल तर काटा सरळ खोटं बोलतो.

आणि आता चाँद

चंद्र सूर्यापासून दिवसाला सरासरी १२ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे तासाला अर्धा अंश, स्वतःच्या रुंदीएवढा. ही सुरुवात होते अमावास्या संपते त्या क्षणी. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत अमावास्या समाप्तीची वेळ छापलेली असते, तीच चंद्राची जन्मवेळ समजा. तिथपासून मगरिबपर्यंत किती तास झाले ते मोजा आणि निम्मे करा. साधारण तितके अंश चंद्र सूर्यापासून दूर.

अमावास्या सकाळी आठला संपली आणि सूर्य साडेसहाला मावळला, तर वय साडेदहा तास, अंतर जेमतेम पाच-सहा अंश. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी दाखवलं होतं की सुमारे ७ अंशांच्या आत चंद्रकोर दिसण्याजोगी तयारच होत नाही. नुसत्या डोळ्यांनी सर्वात कोवळा चाँद पाहिल्याचा विक्रमही साडेपंधरा तासांच्या आसपास आहे, तोही मुरलेल्या निरीक्षकाचा. अशा संध्याकाळी कुणी "दिसला" म्हणालं तर तो बहुधा विमानाचा धूर, ढगाची कड किंवा शुक्र. खोटं बोलतोय असं समजू नये. डोळा जे शोधतो ते त्याला सापडतं. वय वीस तासांच्या पुढे आणि उंची एक मूठ असेल तर मात्र आशा धरावी.

कुठे बघायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा ही काही वर्षं रमज़ान आणि ईद येत आहेत, नगरहून चंद्राची वाट जवळजवळ सरळ उभी असते. चाँद मावळतीच्या जागेच्या वरच असतो आणि टोकं वर करून होडीसारखा आडवा दिसतो. सप्टेंबरच्या आसपास वाट डावीकडे कलते. तेवढ्याच वयाचा चाँद तेव्हा बराच खाली आणि दक्षिणेला असतो. टोकं कधीही सूर्याकडे नसतात, उजळ बाजू सूर्याकडे असते. टोकं मावळतीकडे होती असं कुणी सांगितलं, तर त्याने दुसरंच काही पाहिलं. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण डोळ्याला लावू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी संधी सर्वात चांगली.

जागा आधीच बघून ठेवावी. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे (लोक तिला चाँदबीबीचा महाल म्हणतात). त्या टेकाडाच्या बाजूने पश्चिम क्षितिज मोकळं मिळतं. अकोल्यात उलट अडचण. तिथलं आकाश जिल्ह्यात सर्वात काळंभोर, पण पश्चिमेला कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची रांग आडवी. दिवसा डोंगराची उंची बोटांनी मोजा. डोंगर ४ अंश असेल आणि चाँद ५ अंशांवर असणार असेल, तर तुमच्या हातात चार-पाच मिनिटंच आहेत.

वेळेचंही तसंच. एक रेखांश म्हणजे ४ मिनिटं. मुंबई नगरच्या पश्चिमेला दोन अंशांना थोडी कमी, म्हणून मुंबईचं वेळापत्रक इथे साडेसात मिनिटं मागे पडतं. आपल्याच जिल्ह्यात जामखेडचा सूर्य अकोल्याच्या पाच मिनिटं आधी मावळतो. इफ्तारची वेळ फॉरवर्ड करण्याआधी ती कुठल्या गावची आहे हे पाहिलेलं बरं.

चाँद दिसलाच, तर फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: घड्याळातली वेळ, क्षितिजापासून किती बोटं किंवा मुठी, सूर्य बुडाला त्या जागेपासून डावीकडे की उजवीकडे आणि किती, टोकं कुठे, किती वेळ दिसला, शेजारी आणखी कुणाला दिसला. फैसला उलेमा आणि कमिटीचा. साक्षीदाराने "टॉवरच्या वर" न म्हणता "सहा वाजून बावन्न, पाऊण मूठ वर, मावळतीच्या दोन बोटं डावीकडे, टोकं वर" असं सांगितलं, तर दुसऱ्या गावच्या गच्चीवरचा माणूसही त्याच जागी बघू शकतो.